आकडा कुठल्या सालचा?



आपल्या पत्रिकेत सहसा मुलांचे निकाल, पाककृती आणि सणांचे वृत्तांत असतात. या वेळी संपादकांनी आम्हांला थोडी जास्त जागा दिली आहे, आणि तीही एका भांडणासाठी. भांडण जुने झाले, आवाज खाली आले, म्हणून आता त्यावर लिहायला हरकत नाही.

अल दुहैलमध्ये शमाल रस्त्याच्या अलीकडे, एका सभासदांच्या व्हिलात, महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आपली बैठक भरते हे बहुतेकांना ठाऊक आहेच. चहा, बटाटेवडे आणि चर्चा. विषय बहुधा पैशाचा. परदेशात राहणारी माणसे दुसरे कशावर बोलणार? रुपया, सोने, पुण्यातल्या फ्लॅटचे भाव, कांदा, गावाकडची शेती. गेल्या एप्रिलच्या बैठकीत मात्र एक काम होते. मराठवाड्यातले मुलींचे एक वसतिगृह आपल्यातली काही कुटुंबे मदतीसाठी निवडतात. मंडळ स्वतः पैसे गोळा करत नाही. ज्याने त्याने आपल्या भारतातल्या खात्यातून परस्पर पाठवायचे असतात. मंडळ फक्त शिफारस करते की यंदा कशासाठी द्यावे. जूनमध्ये शाळा सुरू होते, म्हणून शिफारस मे महिन्यात जायला हवी.

ती शिफारस गेली ऑगस्टमध्ये.

झाले असे की एक अभियंता मित्र म्हणाले, "अहो, भारतात आता गरिबी उरलीच कुठे? हे धान्य-बिन्य पाठवणे बंद करा, संगणक द्या." त्यावर एक ज्येष्ठ काका उसळले, "निम्मा देश उपाशी झोपतो, आणि तुम्ही इथे वातानुकूलित खोलीत बसून गरिबी संपवता!" दोघेही सज्जन, आणि दोघेही वर्षानुवर्षे मदत पाठवणारे. दोघांनी फोन बाहेर काढले आणि आपल्याला आलेले मजकूर मोठ्याने वाचून दाखवले. एकाही मजकुरावर ना साल होते, ना कोणी मोजले त्याचे नाव.

मग आम्ही मध्ये पडलो. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, तेव्हा आमच्याकडे सगळे अपेक्षेने पाहत होते. आम्ही गंभीरपणे सांगितले, "अधिकृत आकडा बावीस टक्के." काका जरा शांत झाले, अभियंता मित्र जरा नाराज झाले आणि आम्ही वडा उचलला. घरी आल्यावर पाहिले तर तो आकडा २०११-१२ सालचा, तेंडुलकर समितीच्या रेषेप्रमाणे काढलेला २१.९ टक्के. दहा वर्षांहून जुने मोजमाप आम्ही आजचे म्हणून वाढले होते. प्रयोगशाळेत कोणी असे केले असते, तर आम्हीच त्याला वही घेऊन समोर उभे केले असते.

पुढच्या बैठकीत आम्ही चूक कबूल केली. पण तोवर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले होते आणि शिफारस लांबली ती लांबलीच.

काकांची फाईल

आमच्या आधीच्या पिढीतल्या एका काकांची एक फाईल होती. निवृत्त होऊन सांगलीला परत जाताना ती ते मंडळाला देऊन गेले. आत वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत, पिवळी पडलेली. प्रत्येकावर पेनाने तारीख, वर्तमानपत्राचे नाव आणि आकडा कोणाचा ते लिहिलेले. काही ठिकाणी समासात "हे पटत नाही, पुन्हा पाहणे" अशी नोंद. त्या काळी भारतातली वर्तमानपत्रे इथे उशिरा हाती पडत. जुने सभासद सांगतात की बैठकीत काही ठासून बोलायचे तर आधी फाईल उघडावी लागे, नाहीतर काका शांतपणे विचारत, "आकडा कुठल्या सालचा?"

आता आकड्याच्या मागे आपल्याला जावे लागत नाही, आकडाच आपल्याकडे चालत येतो. येताना साल, रेषा, पद्धत सगळे गाळून येतो. शोधायचे कष्ट संपले, त्याबरोबर तपासायची सवयही संपली. दुसरे म्हणजे, आकडा सांगणारा कोणत्या बाजूचा आहे हे आपण आधी पाहतो आणि आकडा नंतर. बाजू आपली असेल तर आकडा खरा.

आपल्या खिशातलेच उदाहरण घ्या. "रियाल वधारला, आता पैसे पाठवा," असे आपण दर बैठकीत ऐकतो. रियाल कुठेही गेलेला नसतो. एका अमेरिकी डॉलरला ३.६४ रियाल हा दर कतारने २००१ पासून कायद्याने बांधलेला आहे, आणि व्यवहारात तो त्याच्याही आधीपासून चालत आला आहे. हलतो तो रुपया. म्हणजे दोह्यातला रियालचा भाव म्हणजे डॉलरचा रुपयातला भाव भागिले ३.६४. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी सीमा बंद केल्या तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी ऐकीव बातमीवर घाईने पैसे हलवले. जानेवारी २०२१ मध्ये तो पेच सुटला, आणि मधल्या साऱ्या काळात अधिकृत दर ३.६४ वरच राहिला.

गंमत म्हणजे एके काळी इथले चलनच रुपया होते. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला, आणि त्याच वर्षी कतारने रुपया सोडला. दोह्यातल्या व्यापाऱ्याच्या गल्ल्यातला पैसा दिल्लीच्या एका निर्णयाने हलका झाला होता. रुपयाबद्दल ऐकीव बोलणे किती महाग पडू शकते, हे या गावाला नवीन नाही.

एक रसायनतज्ज्ञ पिंपळे सौदागरला

पैशाच्या प्रश्नावर मोजून बोलायची सवय आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू नये. आपल्यापैकी निदान चार कुटुंबांचे फ्लॅट पिंपळे सौदागरला आहेत. उंच इमारती, मॉल, आयटीवाले. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्या गावात एक रसायनतज्ज्ञ वही घेऊन घरोघर फिरत होते. डॉ. हॅरल्ड मान, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. (आमच्या व्यवसायाचा माणूस म्हणून आम्हांला त्यांचा जरा जास्तच अभिमान!) त्यांचा त्या गावावरचा ग्रंथ १९१७ साली आला.

त्या वेळी सरकारी वर्तुळात शेतकरी सुखी की दुःखी यावर बरीच मतमतांतरे होती. मान यांनी मत देण्याआधी जमीन मोजली. १७७१ साली गावातली सरासरी शेतजमीन ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली, आणि त्यातले ४६३ तुकडे एकराहूनही लहान. एवढे झाल्यावर मत द्यायला फारसे उरतच नाही. शेतकरी आळशी आहे असे म्हणणाऱ्याने आधी सांगायचे की एकराहून लहान तुकड्यात त्याने नांगर वळवायचा कुठे.

१९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गाव, तालुका, शहर यांच्या पाहण्या करून मग बोलायचे, ही शिस्त तिथे रुजली.

संस्थेला नाव गोपाळ कृष्ण गोखले यांचे आहे, तेही योग्यच. १८९७ मध्ये ते वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला विलायतेला गेले. साक्ष उत्तम झाली. पण तिथे असतानाच पुण्यातल्या मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या तपासणीतल्या सोल्जरांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी उघडपणे, विनाशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. याच गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले आणि सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले की दुष्काळाने पिचलेल्या देशात तिजोरीत शिल्लक राहते, ती सुबत्तेमुळे नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त ठेवल्यामुळे. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये होता, तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. माफीची पाच वर्षे आणि त्या भाषणाची तयारी यांचा संबंध कसा लावायचा तो वाचकांनी लावावा. आम्ही आपला लावला आहे.

दोन सातारकरांचा वाद

पण ज्या वादासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला तो पुढचाच, आणि नेमका आमच्या बैठकीच्या विषयावरचा.

१९७१ साली गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील गरिबी' हा अभ्यास इंग्रजीत प्रसिद्ध केला. मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत तो त्याच जानेवारीत आला. त्यांनी प्रश्न साधा केला. माणसाला दिवसाला सरासरी २२५० उष्मांक लागतात असे धरा. राष्ट्रीय नमुना पाहणीत किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना तेवढे मिळतात ते पाहा. उत्तर आले: १९६०-६१ च्या किमतींना दरडोई महिना खेड्यात सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते. काकांचा "निम्मा देश उपाशी" बहुधा इथूनच, पिढ्या ओलांडत आलेला.

याला आव्हान दिले ते पां. वा. सुखात्मे यांनी. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे दीर्घकाळ संचालक, आणि निवृत्तीनंतर पुण्यात. म्हणजे दोघेही पुण्यात, आणि मूळचे दोघेही सातारा जिल्ह्याचे!

सुखात्म्यांचे म्हणणे असे. २२५० ही सरासरी आहे. सरासरी म्हटली की धडधाकट माणसांपैकीही पुष्कळांची गरज तिच्या खाली असणारच. शिवाय एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत खर्च जुळवून घेते. मग सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक माणूस उपाशी कसा? रेषा सरासरीवर न ओढता सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून ओढा. तशी ओढली की उपाशी माणसांची संख्या पुष्कळच खाली येते. आणखी एक मुद्दा ते आग्रहाने मांडत. खाल्लेले अंगी लागायचे तर पाणी शुद्ध हवे, परिसर स्वच्छ हवा. सतत पोट बिघडलेल्या मुलाला नुसते धान्य वाढवून भागत नाही.

दांडेकरांनी १९८१ आणि १९८२ मध्ये त्याच साप्ताहिकात उलट मांडणी केली, सुखात्म्यांनी १९८२ मध्ये उत्तर दिले. दांडेकर आणि इतर टीकाकारांचा आक्षेप थोडक्यात असा: चढउतार दिवसागणिक असतील, पण पाहणीतला आकडा एका माणसाच्या एका दिवसाचा नाही, तो कुटुंबाचा आणि महिनाभराचा आहे. तेवढ्या काळात रोजचे चढउतार एकमेकांना फेडून विरून जायला हवेत. आणि कमी खाणे हा केवळ शरीराचा सहज चढउतार असता, तर तो श्रीमंतांतही तितकाच दिसला असता. प्रत्यक्षात उत्पन्न वाढले की खाणे वाढते. म्हणजे गरीब कमी खातो तो भागते म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून.

आमच्या भाषेत सांगायचे तर हा वाद मोजमापातल्या विखुरणीचा आहे. टायट्रेशनची तीन रीडिंग सारखी येत नाहीत, तेव्हा फरक द्रावणात आहे की आमच्या हातात, हे आधी ठरवावे लागते. सुखात्मे म्हणत होते, फरकाचा बराच भाग सहज आहे. दांडेकर म्हणत होते, तो भाग एवढा मोठा नाही, आणि तो मोठा धरलात तर खरी भूक त्यात दडून जाईल.

वाद सौम्य नव्हता. पण पाहा, दोघे नेमक्या एकाच कोष्टकावर भांडत होते. समोरच्याचे गृहीत कोणते, ते कुठे मोडते आणि मोडले तर उत्तर किती बदलते, हे वाचणाऱ्याला कळत होते. आमच्यासारख्या अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाला चाळीस वर्षांनी ते वाचून दोन्ही बाजू समजतात. आमच्या एप्रिलच्या बैठकीतले चाळीस दिवसांनी कोणाला काही समजले असते का?

त्या वादाचा निकाल लागला असे म्हणता येणार नाही. पुढे सुरेश तेंडुलकरांच्या समितीने २००९ मध्ये रेषेला उष्मांकांच्या खुंटीवरूनच सोडवले.

मग आज काय?

आज थोडक्यात असे. २०११-१२ नंतर २०१७-१८ ची खर्च पाहणी झाली, पण सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्या दर्जाबद्दल शंका घेऊन ती प्रसिद्ध केली नाही. पुढची पाहणी २०२२-२३ ची, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आली. म्हणजे मधली सारी वर्षे मोजपट्टीशिवाय गेली, आणि मोजपट्टी नसते तिथे आवाज मोठे होतात. या पाहणीत दरडोई महिना खर्च खेड्यात ३,७७३ रुपये, शहरात ६,४५९ रुपये. मात्र विचारण्याची पद्धत बदललेली होती. पूर्वीसारखे एकाच भेटीत सारे न विचारता तीन भेटींत विचारले. काटा बदलला की जुन्या वजनाशी तुलना जपून करावी लागते.

जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये नव्या तीन डॉलरच्या रेषेने सांगितले की भारतातली अतिगरिबी २०११-१२ मधल्या सुमारे २७ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आली. अभियंता मित्रांच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्रात ३५.२ टक्के. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ३४.४ होता, म्हणजे आपल्या राज्यात सुधारणा दिसलीच नाही. काकांची तळमळ खोटी नव्हती, त्यांचा आकडा जुना होता. एक पाहणी खिसा मोजते, दुसरी मुलांची उंची. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

टेबलावरचे पत्र

आता शेवटची गोष्ट, आणि हीच आम्हांला सर्वांत टोचते. एप्रिलच्या त्या बैठकीत वसतिगृहाच्या बाईंचे पत्र टेबलावरच होते. पाकीट फोडलेले, पण कोणी नीट वाचलेले नाही. आम्हीही नाही. देशातली गरिबी ठरवण्यात दोन तास गेले, आणि त्या पत्रात लिहिले होते की मुलींना जेवण पुरते, धान्य आहे, पण पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याने पोटे बिघडतात, मुली आठ-आठ दिवस शाळेत जात नाहीत. टाकी आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र मिळाले तर बरे होईल. सोबत एका कागदावर मागच्या पावसाळ्यातल्या गैरहजेरीचे आकडे, महिन्यागणिक.

म्हणजे साताऱ्याच्या सुखात्म्यांचा मुद्दा त्या बाईंनी न वाचताच लिहून पाठवला होता, पुराव्यासकट. धान्य की संगणक, यावर भांडणारे आम्ही दोन्हीकडून चुकलो. शिफारस ऑगस्टमध्ये गेली, टाकी सप्टेंबरमध्ये बसली. अर्धा पावसाळा मुलींनी तेच पाणी प्यायले.

यंदा आम्ही बाईंना विनंती केली आहे की वर्षातून दोनदा उंची, वजन आणि गैरहजेरी यांची नोंद कळवावी, नावे न देता. त्यावरून टाकीचा उपयोग झाला की नाही ते पाहू. झाला नाही असे दिसले, तर तेही याच पत्रिकेत छापू.

बैठकीसाठी कार्यकारिणीने पाच साधे नियम सुचवले आहेत:

१. आकडा सांगणाऱ्याने साल आणि मोजणाऱ्याचे नाव सांगावे. ठाऊक नसेल तर "ऐकीव" म्हणून सांगावा. ऐकीव सांगायला बंदी नाही.

२. दोन आकडे भांडले तर आधी पाहावे की दोन्ही एकच गोष्ट मोजतात का.

३. "सापडले नाही" म्हणजे "नाही" असे समजू नये. आमच्या प्रयोगशाळेत हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

४. चूक कळली की पुढच्याच बैठकीत सांगावी. सांगणाऱ्याची चेष्टा करू नये. (चहा त्याच्याकडे, एवढीच शिक्षा.)

५. ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांचे पत्र टेबलावर असेल तर आधी ते मोठ्याने वाचावे.

काकांची फाईल आता बैठकीच्या खोलीत कपाटात ठेवली आहे. नवी पाने लावायला सुरुवात झाली आहे. पहिले पान आमच्या बावीस टक्क्यांचे, समासात दुरुस्तीसह.

अभियंता मित्र पुढच्या शुक्रवारी येणार आहेत, आणि येताना २०२२-२३ च्या पाहणीचा तक्ता आणणार आहेत. ज्येष्ठ काका अजून आलेले नाहीत. हा अंक त्यांच्या हाती पडेल, म्हणून इथेच लिहितो. काका, त्या दिवशी तुमच्यासमोर चुकीचा आकडा ठेवून तुम्हांला गप्प केले ते आम्ही. तुमचा राग त्यांच्यावर नको, आमच्यावर असू द्या. येत्या शुक्रवारी चहा आमच्याकडे आहे. जरूर या.

आपले नम्र,
कार्यकारिणीतर्फे